दोरीचं पलीकडचं टोक

१

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. ताईच्या गळ्याची शपथ. आता, तिच्या गळ्याची शपथ घ्यायला ताईने मला सतरा वर्षांपूर्वीच बंदी घातली आहे, तेव्हा ती शपथ रद्द समजा. पण गोष्ट खरी आहे. मी जन्मात कधी थाप मारलेली नाही. एक-दोनदा मारली असेल. बरं, रोज मारतो. पण ही त्यातली नाही.

सुरुवात मंगळवारी झाली. हे पक्कं आठवतं, कारण मंगळवारी घड्याळवाल्याचं दुकान बंद असतं आणि त्या दिवशी त्याने मला दुकानातूनच हाक मारली होती. म्हणजे मंगळवार नव्हता. जाऊ द्या, वाराचं काय एवढं.

आमच्या शहराचा जुना भाग अगदी चिमुकला. एका टोकाला भांडण लागलं, तर ते ऐकायला दुसऱ्या टोकाचा माणूस चपला घालून पोचतो तरी भांडण ऐन रंगात असतं, एवढाच. पण त्यात शंभर-सव्वाशे वर्षांच्या दगडी इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत. जुनी बँक, जुनं नाट्यगृह, तारघर, छापखाना. आणि त्यांच्या उघड्या कुशींवर चित्रं आहेत, मजलेच्या मजले भरून. नाट्यगृहाच्या भिंतीवर अख्खा वाद्यवृंद, तारघराच्या पाठीवर चाळीस फुटी कबूतर, बँकेच्या बाजूला फांद्या पसरून बसलेलं एक झाड. शनिवारी लोक ही चित्रं बघायला येतात आणि मी त्यांना हिंडवतो. बँकेच्या दारावरचा दगडी सिंह दर लीप वर्षी एक जांभई देतो, असं मी एकदा सांगितलं. पुढच्या लीप वर्षी अकरा जण दुर्बिणी घेऊन हजर! ताई म्हणाली, "त्या अकरा जणांचं पाप तुझ्या डोक्यावर." मी म्हटलं, "अगं, अकरा जणांनी त्या सिंहाकडे दिवसभर नीट बघितलं. त्याचं पुण्य कुणाच्या डोक्यावर?"

ही सगळी चित्रं माझ्या ताईच्या हातची. पण एकाही भिंतीवर तिचं नाव नाही. नाव थोरल्या पेंटरांचं. ते कागदावर चित्र काढायचे आणि मग रस्त्यावर छत्री घेऊन उभं राहायचे, "जरा निळं वाढवा" म्हणायला. बत्तीस वर्षं ताई त्यांचं निळं वाढवत राहिली. थोरले पेंटर थकले, लेकीकडे राहायला गेले, आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ताईला पहिली स्वतःची भिंत मिळाली. कल्पना तिची, रेघ तिची, खाली कोपऱ्यात नावही तिचं. त्या भिंतीपायी तीन महिने तिला धड झोप नव्हती. जेवताना भाताच्या ढिगात बोटाने रस्ते काढायची.

आणि हाताखाली माणूस कोण? मी. वय चोपन्न, हुद्दा गेली सात वर्षं एकच: दोरी धरणारा.

२

भिंत जुन्या छापखान्याची. चार मजली, एकही खिडकी नसलेली. छापखान्याला चिकटून पूर्वी एक घर होतं. ते आमच्या जन्माआधीच पाडलं. पाडणाऱ्यांनी घर नेलं, पण खोल्यांची एकेक बाजू छापखान्याच्या भिंतीवर राहून गेली. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर फिक्या गुलाबी रंगाचा मोठा चौकोन, ती एक खोली. तिच्या वर निळा चौकोन, ती दुसरी. शेजारून जिन्याचे दाते तिरपे वर चढत गेलेले, मोजून चौदा. निळ्या खोलीत एक कोनाडा, आत दिव्याची काजळी. कोनाड्याशेजारी आरसा काढल्याची पांढुरकी जागा. आणि खोलीत शिरल्याशिरल्या हाताशी येईल अशी एक लाकडी खुंटी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. जमिनीपासून पस्तीस फुटांवर. ज्याने रोज तिथे कोट अडकवला असेल, त्याच्या पायाखाली आता नुसती हवा होती.

भिंतीला पांढरा हात दिला तरी हे सगळं आतून दिसतच होतं, ओल्या कपड्यातून अंग दिसावं तसं.

ताईचं चित्र असं: आमचा मुख्य रस्ता, दोन्ही अंगांना सगळ्या जुन्या इमारती, प्रत्येक खिडकीत माणसं वाकून बघताहेत, आणि रस्ता लांब लांब जाऊन एका ठिपक्यात मिटतो. छपरांच्या, खिडक्यांच्या, फरशांच्या सगळ्या रेघा त्या एका ठिपक्यातून निघणार. ताईने तो ठिपका कागदावर काढला, मग मापं घेऊन भिंतीवर शोधला. नेमका त्या खुंटीवर आला. ताई खूश. म्हणाली, "बघ, भिंतीलाच ठाऊक होतं."

रेघ मारायची रीत सोपी आहे. लांब दोरी निळीच्या पुडीत घोळवायची. एकाने ठिपक्यावर टोक धरायचं, दुसऱ्याने लांब जाऊन दोरी ताणायची, चिमटीत धरून सोडायची. फट्! भिंतीवर सरळसोट निळी रेघ. आमच्या दोघांच्या मधे ताडपत्रीचा पडदा होता, कारण माझ्या बाजूला जुना गिलावा खरवडायचं काम चालू होतं आणि ताईला धूळ सोसत नाही. पडद्याला चीर, चिरेतून दोरी. खाली रस्त्याचा गोंगाट, हाक नेहमी पोचत नाही. म्हणून दोरीतूनच बोलायचं. ताईने एक हिसका दिला की त्याचा अर्थ "धरलीस का?" मी दोन द्यायचे, "धरली, मार." तीन हिसके म्हणजे "इकडे ये."

"टोक खिळ्याला बांधून टाकू ना," मी या भिंतीवर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. "मी खाली जरा…"

"खिळा मुका असतो," ताई म्हणाली. "दोरी सरकली तर तो सांगणार आहे का मला? सोन्या, तू मुका नाहीस, हा तुझ्यातला एकच गुण आहे. तो वापर."

तिच्या तोंडी मी अजून सोन्याच. चोपन्न वर्षांचा.

३

आता दोरी धरण्याचं काम कंटाळवाणं असतं, हे तुम्हीही कबूल कराल. रस्त्यापलीकडे चहाचं दुकान. तिथून माझ्या मित्रांचं हसणं भिंतीला बांधलेल्या परांचीवर ऐकू यायचं, आणि मी सोडून कुणाच्या तरी गोष्टीवर ते हसताहेत, हे मला सहन होत नाही. तिसऱ्या दिवशी मी टोक खुंटीला बांधलं, सैलसर गाठ मारली आणि शिडीवरून खाली उतरलो. म्हटलं, ताई एक हिसका देईल, उत्तर मिळणार नाही, चार शिव्या देईल, मी चहा पिऊन वर येईन.

चहा अर्धा झाला होता. वरून आवाज आला. फट्!

मी मान वर केली. परांचीवरच्या हिरव्या जाळीआड ताईची सावली सरकली, थांबली. फट्!

घड्याळवाला डोळ्याची भिंगाची नळी काढून म्हणाला, "वर कोण आहे?"

"ताई."

"आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला?"

"मी."

"तू तर इथे बसलायस."

"म्हणूनच म्हणतो, कामात माझं मन लागत नाही," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो. पण चहा मला गार लागला.

दुपारी ताई खाली उतरली ती हातभर नीळ आणि तोंडभर हसू घेऊन. माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "सात वर्षांत आज पहिल्यांदा माणसासारखी दोरी धरलीस! मी एक दिला की लगेच दोन. नेमके, घट्ट. बावीस रेघा, एकही केसभर हलली नाही. असं जमतं तर इतके दिवस काय झोपा काढत होतास?"

मी काय बोलणार? कौतुक माझ्या वाट्याला इतकं कमी येतं, की आलेलं परत पाठवायची मला सवय नाही.

४

मी अडाणी नाही. मनाशी हिशेब मांडला. वारा असतो. जाळी हलते, जाळीने परांची हलते, परांचीने दोरी हलते. खाली बस गेली की दगडसुद्धा थरथरतो. ताईने एक हिसका दिला की दोरी ताणलेल्या तारेसारखी उलट दोनदा उसळत असेल. शास्त्र आहे. असणार.

दुसऱ्या दिवशी मी टोक खुंटीला बांधलं आणि तिथेच पालथ्या डब्यावर बसून राहिलो. खुंटीवर डोळे लावून. ताईचा हिसका आला. दोरी तेवढी हलली आणि गप्प झाली. मी वाट पाहिली. काही नाही.

बघा, म्हटलं. शास्त्र.

पडद्यापलीकडून ताईचा आवाज, "अरे, मेलास का?"

मी दोन हिसके दिले. फट्. पुन्हा ताईचा हिसका. या वेळी खाली रस्त्यावर कुत्रं भुंकलं म्हणून मी एवढीशी मान वळवली. माझ्या कानाशी दोरी गुणगुणली. दोनदा. फट्!

मग मी बघायचं सोडलं आणि ऐकायला लागलो. निळ्या खोलीत बसलो होतो, असंच म्हणावं लागेल. पाठीशी निळी भिंत, शेजारी कोनाडा, समोर जाळी आणि तिच्यापलीकडे ऊन. भर दुपार. न्हाव्याच्या दुकानात रेडिओ चालू होता. आणि त्या रेडिओच्या खालून, डावीकडून, पावलं वर येत होती. घाईची नाहीत. घरी जेवायला येणाऱ्या माणसाची. शिडी लोखंडी आहे, ती वाजते ती ठण् ठण्. ही लाकडावरची होती. मी मोजत गेलो, थापाड्या माणसालाही आकडे येतात. अकरा. बारा. तेरा. चौदा.

थांबली.

माझ्या डोळ्यांदेखत दोरी खुंटीपाशी चार बोटं खाली झुकली. हळूच, वजनाने. कुणी कोट काढून अडकवावा तशी.

"सैल का सोडलीस?" ताई ओरडली.

मी उठलो. डबा लाथाडला गेला. आणि खरं सांगतो, त्या वेळी मला भीती अशी वाटलीच नाही. वाटला तो संकोच. दुसऱ्याच्या घरात, त्याच्या खुर्चीत बसलोय आणि घरधनी आला, तसा. मी "येतो हं" म्हणालो. कुणाला म्हणालो, ते विचारू नका. आणि शिडी उतरलो, तरी वर मागे फट् फट् चालूच होतं.

५

पुढे चार दिवस मी वर गेलो नाही. दोरी बांधलेलीच होती. ताई रोज कामाला लागायची, रोज उत्तरं मिळायची, रोज संध्याकाळी मला शाबासकी. तिचा रस्ता भिंतीवर असा उमलत होता की खालून बघताना आपण त्यात चालायला लागू असं वाटावं. शाळा सुटली की पोरं थांबून बोटं दाखवायची. ताई त्यांना वरून ओरडून विचारायची, "कुणाकुणाला खिडकीत बसायचंय?" आणि सगळे हात वर.

मी तिला सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? "ताई, सात वर्षांत ज्या दोरीसाठी तू मला पहिल्यांदा शाबासकी दिलीस, ती मी धरलेलीच नव्हती." असं म्हणायला वेगळा भाऊ लागतो.

म्हणून मी ते चहाच्या दुकानात सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिथे खरं बोललो. पावलं, चौदा पायऱ्या, कोट. सगळे श्वास रोखून ऐकत होते. मी संपवलं. आणि मग टाळ्या!

"कोट अडकवला! वा!" चहावाल्याने बरणीवर हात आपटला. "आजवरची तुझी सर्वांत भारी."

"सिंहापेक्षा?" मी क्षीण आवाजात म्हटलं.

"सिंह गेला उडत. परत सांग. हे आत्ता आले, ऐकायला नव्हते."

म्हणून मी रोज ती परत सांगू लागलो. रोज नवे ऐकणारे. मलाही गोडी लागली. खरी गोष्ट पाचव्यांदा सांगितली की तिची भीती निघून जाते, नुसती चव उरते.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी परांचीचा मुकादम आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, पलीकडच्या बाजूच्या तिसऱ्या मजल्याच्या फळ्या काढल्यात. वरच्या मजल्यावर हव्या होत्या. पडद्यापलीकडे आता काही नाही. ताईंना सांगा बरं का, तिकडे पाय टाकायचा नाही."

"सांगतो," मी म्हटलं. "बसा, चहा घ्या. तुम्ही कोटाची गोष्ट ऐकलीत का?"

ताईची त्या दिवशी एकच रेघ राहिली होती. क्षितिजाची. सगळ्या चित्राचा आधार असलेली, खुंटीच्या बरोबर उंचीवरून जाणारी आडवी रेघ. ती त्याच तिसऱ्या मजल्यावर उभी होती, पडद्याच्या अलीकडे. दोरीचा एक वेढा नेहमीसारखा डाव्या मनगटाला, उरलेली दोरी मागे रिळावर, रीळ फळीच्या टोकाला.

मी मुकादमाला पायऱ्या मोजून दाखवत होतो. बारा, तेरा. जाळीतून मला ताई दिसत होती. तिने हिसका दिला. मग थांबली. डोकं वर केलं, जसं आपल्याला कुणी हाक मारली की करतो. मनगटाकडे बघितलं.

आणि मला इथवर तिचा आवाज आला, हसरा, वैतागलेला, माझ्यासाठीचा खास आवाज. "आता इकडे ये काय, इकडे ये? आले रे बाबा, आले!"

तीन हिसके.

तिने ताडपत्री बाजूला केली आणि पलीकडे पाऊल टाकलं.

६

मुकादमाची पाठ होती. घड्याळवाला भिंग पुसत होता. बघितलं ते मी एकट्याने.

ताई पडली नाही.

ती चालत गेली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. पायाखाली फळी नव्हती, जाळीतून तिच्या तळव्यांखाली नुसती भिंत दिसत होती, आणि ती हवेवर अशी चालत होती जशी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जाते. मधे एकदा कशाला तरी वळसा घालून गेली. टेबल असावं. निळ्या चौकोनाच्या मध्यावर थांबली, पदराने हात पुसले, आणि कुणाशी तरी बोलायला लागली. मान डोलावली. हसली.

तिच्या समोर, खुंटीपाशी, जाळीची हिरवाई जरा जास्त गडद होती. माणसाएवढी. बस, इतकंच दिसलं मला. चेहरा नाही, काही नाही. एवढं मात्र दिसलं की त्या गडदपणाने ताईला बसायला जागा करून दिली.

ओरडलो असतो तर तिने खाली पाहिलं असतं. खाली पाहिलं असतं तर तिला हवा दिसली असती.

मी पेला टाकला आणि धावलो. रस्ता ओलांडला, दोन सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. परांचीची शिडी मी बारा सेकंदांत चढलो. चोपन्न वर्षांचा, एका गुडघ्यात पाणी झालेला माणूस! ताईच्या बाजूच्या फळीवर पोचलो. पडद्याची चीर फडफडत होती, तिच्यातून दोरी पलीकडे गेलेली, आणि पायाशी रीळ. पडदा उचलून बघायची माझी छाती झाली नाही. मी रीळ उचललं. दोरीचं हे टोक ताईच्या मनगटातूनच जात होतं. मी दोन्ही हातांनी दोरी धरली आणि हिसके दिले. एक. दोन. तीन.

इकडे ये.

पलीकडे बोलणं थांबलं.

"अरे सोन्या," ताईचा आवाज आला, "एकाच वेळी दोन्हीकडून काय बोलावतोस?"

मी पुन्हा दिले. तीन. दोरी हाताला कापत होती. ताडपत्री फुगली, चीर रुंद झाली, आणि निळीने माखलेला एक हात अलीकडे आला, मग ताईचं डोकं, मग सगळी ताई. दोन्ही पाय फळीवर.

मागे पलीकडे दाराची कडी लागल्यासारखा आवाज झाला. हलकेच. शेजाऱ्याची झोप मोडू नये अशा बेताने.

७

ताई फळीवर बसली. मग ताडपत्रीची कड उचलून तिने पलीकडे बघितलं. खाली बघितलं. कड सोडली. माझ्याकडे बघितलं नाही, स्वतःच्या पायांकडे बघितलं. कॅनव्हासच्या बुटांच्या तळव्यांना लालसर चकाकी लागली होती. तिने बोट फिरवून वास घेतला.

"मेण," ती म्हणाली. "फरशी पुसल्यावर लावतात ते."

"काय दिसलं तुला?"

"खोली होती. ऊन आलं होतं आत." ती थांबली. "म्हणाले, पडदा नीट लावून या, धूळ येते."

"कोण म्हणाले?"

"विचारलं नाही रे. मला वाटलं, मी ओळखते." आणि मग माझी ताई, जिला मी गेल्या चाळीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, ती डोळे पुसत हसायला लागली. इतकी हसली की परांची हलली, खालून मुकादम ओरडला. "बस म्हणाले. चित्र छान होतंय म्हणाले. सोन्या, बत्तीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नाही!"

मुकादमाने फळ्या परत लावून दिल्या. शेवटची रेघ आम्ही दोघांनी मारली, आणि त्या वेळी खुंटीपाशी मी होतो, अंगठा दाबून, घामाघूम. माझी रेघ केसभर हलली. ताई म्हणाली, "राहू दे. माणसाने मारल्यासारखी दिसते."

भिंत पुरी झाली तेव्हा सगळा जुना भाग रस्त्यावर उतरला. नाट्यगृहातले वाजवणारे आपापली वाद्यं घेऊन आले. पोरं स्वतःला खिडक्यांत शोधत होती. घड्याळवाल्याला घड्याळवाला सापडला, पण त्याचं नाक मोठं काढलंय म्हणून तो भांडला. रस्ता लांब जातो, जातो, आणि मिटायच्या जागी ताईने ठिपका काढलाच नाही. तिथे एक लहानसं दार काढलं, निळं, अर्धवट उघडं, आतून ऊन येणारं. खुंटी तशीच ठेवली. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, बोटभर उंचीच्या अक्षरांत, तिचं नाव. बत्तीस वर्षांत तिच्या हाताला ते एवढंच लिहायला मिळालं नव्हतं.

सगळ्यांसमोर तिने मला पुढे ओढलं. "हा माझा भाऊ," ती म्हणाली. "थापाड्या आहे, आळशी आहे. पण त्या दिवशी हा बारा सेकंदांत वर आला नसता, तर ही भिंत पुरी करायला मी नसते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्याने मला उचलून घेतलं. ताईने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, निळ्या ओठांनी. तो डाग दोन दिवस राहिला.

८

आता कबुली.

यातलं सगळं खरं आहे. पावलं खरी, कोट खरा, बुटांचं मेण खरं. ताई हवेत चालली हेही खरं. वाटलं तर वगळा, माझी हरकत नाही. फक्त एक तुकडा मी बनवला आहे, आणि तो ताईलाही बनवलेलाच सांगितला.

मी धावलो नाही.

मी चहाच्या दुकानात उभा होतो. हातात पेला होता. ताई पडद्यापलीकडे गेली आणि माझे पाय जागचे हललेच नाहीत. तोंड उघडं होतं, आवाज फुटत नव्हता. मी, ज्याचं तोंड कुणी कधी बंद करू शकलं नाही. रस्ता ओलांडला नाही, शिडी चढलो नाही, रिळाला हात लावला नाही. जे सांगितलं ते तिच्या तोंडून ऐकलेलं, वरून मी माझा गुडघा घातला. ती परत फळीवर आली, तेव्हा कुठे पेला फुटला आणि मी सुटलो. वर पोचलो तेव्हा धुळीने भरलेले डोळे पुसून ती रिळाकडे बघत बसली होती; बाहेर येताना फळीवर कोण आहे ते तिला दिसलंच नव्हतं. म्हणाली, "बरं झालं तू बोलावलंस."

आणि मी म्हटलं, "मग, बोलावणार नाही का?"

ज्या फळीवरून ते हिसके आले, तिच्यावर कुणी नव्हतं. मी खालून बघत होतो, माझ्या डोळ्यांसमोर होती. रिकामी. रीळ मात्र उचललं गेलं. कमरेएवढं उंच.

म्हणजे वर दोघं होते, एक बोलावणारा आणि एक परत पाठवणारा. किंवा एकच होता, आणि मधेच त्याचं मन बदललं. ताई रोज सकाळी भिंतीखालून जाते तेव्हा वर बघून हात हलवते, आणि मला म्हणते, "चल, तूही हलव." मी हलवतो. ती समजते, मी तिच्या चित्राला हलवतो आहे.

ताई, हे तू वाचलंस तर ओरड मला. पण आधी नीट ऐक. तुला परत आणलं ते मी नाही. ज्याने आणलं, त्याचे आभार अजून कुणी मानलेले नाहीत. मी थापाड्या आहे, माझे त्याला पोचणार नाहीत. तू मान.